ईबेवर परदेशी ग्राहकाला पूर्ण रिफंड दिला तर सेलर म्हणून आपलं रेटिंग घसरतं का?

नाही. नुसते पैसे परत केले म्हणून घसरत नाही. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या एका ग्राहकाने ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असं कारण देऊन रिटर्न रिक्वेस्ट टाकली आहे आणि रिफंड दिला तर खात्यावर डाग लागेल या भीतीने तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. माझी कळकळीची विनंती आहे, आधी उत्तर द्या. खात्याला धोका आहे तो गप्प बसण्यात.

मी पुण्याहून पितळेची भांडी, समया, अडकित्ते असा माल ईबेवर बाहेरदेशी विकतो. नवीन विक्रेते मला हाच प्रश्न सारखा विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईबे विक्रेत्याची पातळी (तुम्ही ज्याला रेटिंग म्हणता ती) दर महिन्याच्या 20 तारखेला ठरवतं. तुमचे गेल्या तीन महिन्यांत 400 किंवा जास्त व्यवहार झाले असतील तर तेवढे तीन महिने बघतात, नाहीतर पूर्ण वर्ष. त्यात ‘डिफेक्ट’ म्हणून दोनच गोष्टी धरतात: विक्रेत्याने स्वतःहून रद्द केलेली ऑर्डर, आणि विक्रेत्याने न सोडवल्यामुळे ईबेला मध्ये पडून ग्राहकाच्या बाजूने बंद करावी लागलेली केस. यात रिफंड कुठेही नाही. पूर्वी परिस्थिती वेगळी होती. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी रिटर्न रिक्वेस्ट नुसती आली, तरी डिफेक्ट लागायचा, मग तुम्ही ती कितीही चांगली सोडवा. फेब्रुवारी 2016 मध्ये ते बदललं, पण जुन्या लोकांच्या तोंडून ती भीती अजून फिरते आहे.

आता तुमच्या केसचं बघू. रिक्वेस्ट आल्यावर तुमच्याकडे कामकाजाचे तीन दिवस असतात. तेवढ्यात तुम्ही रिफंड दिला, रिटर्न स्वीकारला किंवा ग्राहकाला पटेल असा तोडगा काढला, तर रिक्वेस्ट तुमच्याच हातून बंद होते आणि पातळीवर काही परिणाम होत नाही. तीन दिवस उलटले की ग्राहक ईबेला मध्ये बोलवू शकतो. मग निकाल त्याच्या बाजूने लागला की पैसे तर जातातच, वर डिफेक्टही लागतो. म्हणजे रक्कम तीच, पण आज स्वतः दिली तर खातं स्वच्छ राहतं आणि पुढच्या आठवड्यात ईबेने काढून घेतली तर नोंद होते. रिटर्न स्वीकारलात तर एक लक्षात ठेवा: वस्तू परत पोचल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत रिफंड द्यावा लागतो. पार्सल आलं आणि तुम्ही गावाला गेलेले असलात, तर तिथेही केस ईबेकडे जाऊ शकते.

रिफंड द्यायचा तो त्या रिक्वेस्टमधल्याच बटणावरून. ग्राहकाशी मेसेजवर बोलून बाहेरच्या बाहेर पैसे पाठवले तर ईबेच्या नोंदीत रिक्वेस्ट उघडीच राहते, आणि पैसे देऊनही केस तुमच्या विरोधात जाऊ शकते.

आकड्यांबद्दल थोडा धीर देतो. डिफेक्टचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत असावं लागतं, ‘टॉप रेटेड’ या सर्वात वरच्या पातळीसाठी 0.5 टक्क्याच्या आत. न सोडवलेल्या केसेस डिफेक्टमध्ये धरूनही पुन्हा वेगळ्या मोजतात, त्यांची मर्यादा 0.3 टक्के आहे. वर्षाला 40 ऑर्डरी असणाऱ्याचं एका डिफेक्टनेच 2.5 टक्के होतं, हे खरं. पण टक्केवारी एकटी चालत नाही. वेगवेगळ्या पाच ग्राहकांकडून डिफेक्ट येईपर्यंत खातं ‘बिलो स्टँडर्ड’ म्हणजे सर्वात खालच्या पातळीवर जात नाही, आणि न सोडवलेल्या केसेसही दोनपर्यंत चालतात. त्यामुळे एका चुकलेल्या पार्सलने लहान विक्रेता बुडत नाही.

रद्द केलेल्या ऑर्डरींकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. माल शिल्लक नाही म्हणून ऑर्डर रद्द केली तर ग्राहकाला पैसे लगेच परत मिळतात, तो नाराजही नसतो, आणि तरी तुम्हाला डिफेक्ट लागतो. ग्राहकाने स्वतः रद्द करायला सांगितलं असेल किंवा पैसेच भरले नसतील तर लागत नाही. काही जण माल नसताना ‘ग्राहकाने सांगितलं’ हे कारण टाकून मोकळे होतात. तसं करू नका. तो नियमभंग आहे आणि ग्राहक तक्रार करू शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढली, आणि भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे घेणं थांबवलं. अशा वेळी ऑर्डर घेऊन मग रद्द करत बसण्यापेक्षा लिस्टिंगमधून, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावरून, अमेरिकेचं शिपिंगच काढून ठेवावं. आलेली प्रत्येक ऑर्डर रद्द करणं म्हणजे प्रत्येकीला एक डिफेक्ट.

फीडबॅक हा स्वतंत्र विषय आहे. पूर्ण रिफंड मिळालेला ग्राहकही लाल (वाईट) शेरा लिहू शकतो, त्याला ती मुभा आहे. त्याने तुमची चांगल्या शेऱ्यांची टक्केवारी खाली येते, पण पातळी ठरवताना ईबे तो शेरा धरत नाही. ‘रिफंड देतो, पण आधी चांगला शेरा लिहा’ असं कधीही लिहू नका. ते नियमाविरुद्ध आहे, आणि मेसेज तर ईबेकडे राहतातच. प्रश्न सुटल्यावर शेरा बदलण्याची रीतसर विनंती पाठवता येते. मला विचाराल तर काम झाल्यावर एकदा नम्रपणे विचारावं, मागे लागू नये.

आणि एक जागा अशी आहे जिथे रिफंड दिल्याने सुटका होत नाही. ‘सर्व्हिस मेट्रिक्स’ नावाच्या पानावर तुमच्या ‘वर्णनाप्रमाणे नाही’ रिटर्नचं प्रमाण त्याच प्रकारचा माल विकणाऱ्या इतरांशी ताडून बघतात. तिथे रिक्वेस्ट तुम्ही किती तत्परतेने सोडवली याला महत्त्व नाही, ती आली हेच मोजतात. प्रमाण ‘व्हेरी हाय’ झालं की त्या गटातल्या विक्रीवर जादा फी लागते. हे वाटाघाटीने कमी होत नाही, लिस्टिंगनेच होतं. पितळेवर डाग असेल तर त्या डागाचा जवळून फोटो, उंची सेंटीमीटरमध्ये आणि इंचांतही, वजन ग्रॅममध्ये, आणि हाताने घडवलेल्या वस्तूत थोडा फरक असतो हे आधीच स्पष्ट लिहिलेलं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक मापाच्याच असतात. फोटोत समई मोठी वाटते आणि हातात आली की लहान.

अॅमेझॉनवरही विकायचा विचार आहे म्हणालात. तिथला हिशोब वेगळा असला तरी दिशा तीच. ऑर्डर डिफेक्ट रेट 1 टक्क्याच्या आत हवा, आणि त्यात एक-दोन तारे देणारे शेरे, ए-टू-झेड दावे (ग्राहकाने अॅमेझॉनकडे केलेले भरपाईचे दावे) आणि कार्डावरून परत ओढलेले पैसे धरतात. साधा रिफंड त्यात नाही. दावा दाखल होण्याआधी पैसे परत केलेत तर बरं, कारण दाव्यानंतर दिलेला रिफंड दाव्याची नोंद पुसत नाही.

तुमच्या आत्ताच्या ग्राहकासाठी: आज त्याला दोन ओळी लिहा, वस्तूचे फोटो मागा. कारण ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असल्यामुळे परतीचा खर्च तुमच्याच माथी येतो, आणि अमेरिकेहून भारतात पार्सल परत आणायचं भाडं बऱ्याचदा वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असतं. किरकोळ खोट असेल तर आधी अर्धवट रिफंड देऊ करा. त्याने नाही म्हटलं तर वस्तू त्याच्याकडेच राहू द्या आणि पूर्ण रक्कम परत करा, तिसरा दिवस संपायच्या आत. ग्राहक शनिवार-रविवार धरून त्रागा करत असला, तरी मुदत कामकाजाच्या दिवसांची आहे. रिक्वेस्टच्या पानावर शेवटची तारीख दिसते, तीच खरी धरा.