वडील अंथरुणाला खिळून आहेत. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी पुण्यात घरी येऊन करतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पक्षाघात होऊन वर्ष झालं, धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, आणि प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर रुग्णालयात हजर राहायची तारीख आली. आईच्या वेळी आम्ही यातून गेलोय.

करतात, पण मागितल्याशिवाय नाही. आणि खिडकीवरच्या माणसाकडे मागून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

आम्ही ती चूक केली. तारीख आली म्हणून आईला प्लास्टिकच्या खुर्चीत ओढणीनं बांधलं आणि चौघांनी तीन जिने उतरवलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथे गेल्यावर कळलं, ज्यांनी तपासायचं ते डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेत. परत वर चढवताना खुर्चीचा पाय मोडला. नशीब, पहिल्याच जिन्यावर होतो.

दुसऱ्या वेळी लेखी अर्ज केला. अर्ज रुग्णालयाच्या प्रमुखाच्या नावे करायचा: औंधच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक, ससूनला अधिष्ठाता, महापालिकेच्या रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. ‘वडील फार आजारी आहेत’ एवढंच लिहू नका, तिथे रोज सगळे आजारीच येतात. जिन्याबद्दल लिहा. कितवा मजला, लिफ्ट नाही, वळणावर स्ट्रेचर वळत नाही, ते किती मिनिटं बसू शकतात, बेडसोअर आहेत का, नळी आहे का. आम्ही जिन्याच्या वळणाचा फोटोही जोडला होता. सोबत नेहमीच्या डॉक्टरांचं ताज्या तारखेचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, आधार आणि पोर्टलवरच्या अर्जाचा क्रमांक. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘डॉक्टरांनी घरी यावं’ असं सरळ कलम नाही. पण गरजेनुसार वाजवी सोय करून देणं त्यात आहे, आणि ती नाकारणं हा भेदभाव धरला आहे. अर्जात तेवढं एक वाक्य घाला, भांडू नका. उत्तरच आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, चर्च रोडला. आपल्याला मुंबईच्या खेपा नाहीत, एवढं तरी सुख. (40 टक्के दिव्यांगत्व असेल तर 12-डी फॉर्म भरल्यावर निवडणुकीवाले मत घ्यायला घरी येतात. आधी मात्र ते 40 टक्के कुणीतरी मोजायला यावे लागतात!)

घरी यायला माणसं नाहीत असं म्हणाले तर मधला मार्ग सुचवा: अॅम्ब्युलन्स पोर्चमध्ये उभी करतो, डॉक्टरांनी खाली येऊन गाडीतच तपासावं. ओपीडीच्या रांगेतून तरी सुटका होते. पण आधी फोन करून ते डॉक्टर त्या दिवशी आहेत ना, हे विचारा. 108 यासाठी नाही, खासगी गाडीच करावी लागते.

आता तपासणीचा दिवस. आमच्याकडे दोन डॉक्टर आणि एक क्लार्क आले. मी सकाळीच आईला नवा गाऊन घालून, वेणी घालून, उशांना टेकवून बसवलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर तीही खुलली. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, हातानं जेवता का?’ आई म्हणाली, ‘हो, जेवते की.’ वर्षभर तिला भरवतोय आम्ही! मी गप्प, कारण तिला खोटं पाडायचं कसं? आईची देखभाल करायला ब्युरोकडून येणाऱ्या मावशी पटकन म्हणाल्या, ‘कुठं हो, चमचा धरवत नाही त्यांना,’ आणि चमचा आईच्या हातात दिला. तो गादीवर पडला. आई नंतर दोन दिवस मावशींशी बोलली नाही, पण नोंद खरी झाली. म्हणून वडिलांना त्या दिवशी नटवू नका. जसे असतात तसे असू द्या, आणि रोज करणारं माणूस खोलीत ठेवा.

त्या नोंदीवर बरंच अवलंबून असतं. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. आयकरात अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून 1,25,000.

रुग्णालयाच्या गेटबाहेर ‘न तपासता करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या कागदावर लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यावर मुदत आहे का बघा. सुधारणा होऊ शकेल असं वाटलं तर तात्पुरतं देतात. आईचं तसंच आहे, म्हणून तो शिक्क्याचा अर्ज आणि जिन्याचा फोटो फायलीत सगळ्यात वर ठेवलाय. पुढच्या वेळी तारीख बदलून तोच द्यायचा.