आधी रांगोळी, मग कागद

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव मिळालं, शाळेने चौथी-पाचवीची मुलं दिली, आणि साहेबांनी सांगितलंय की मुलांकडून गावाचा नकाशा करून घ्या, त्यात जागा, रीतिरिवाज आणि मुलांची खुशाली सगळं आलं पाहिजे. तू मला विचारतेस, ड्रॉइंग पेपर केवढा आणू?

पहिल्या दिवशी आणूच नकोस. पटांगणावर पाणी शिंपडून घे आणि रांगोळी, गेरू, चिंचोके, खडे, बाभळीच्या शेंगा असं काहीबाही मुलांपुढे ठेव. कागद आला की ज्याचा हात चांगला त्याच्याकडे पेन्सिल जाते आणि उरलेले बघ्याची भूमिका घेतात. शिवाय तिसरीच्या परिसर अभ्यासातला जिल्ह्याचा नकाशा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, मग उत्तर दिशा कुठे आणि सूची कुठे यातच तास संपतो. रांगोळी पुसता येते, चौघं चार बाजूंनी बसून काढू शकतात. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९०च्या आसपास आपल्या खेड्यांतून जमिनीवरच्या नकाशांची ही पद्धत वापरली, तेव्हा ती इथे चटकन बसली. माझ्या मते त्याचं श्रेय रांगोळीला आहे.

सुरुवात शाळेपासून नको, प्रत्येकाच्या उंबऱ्यापासून कर. आणि भांडण लागलं की मिटवायला धावू नकोस. एक पोरगा म्हणेल, हापसा देवळामागे आहे. लगेच एखादी मुलगी म्हणेल, तो कधीचा बंद पडलाय, आम्ही पाणी मळ्यातल्या विहिरीवरून आणतो. त्याला हे ठाऊक नसतं, कारण घागर त्याच्या डोक्यावर नसते. पुढे तीच मुलगी विहिरीपर्यंतची वाट खड्यांनी मांडेल, कुठे कुत्री अंगावर येतात तेही सांगेल, आणि तोच पोरगा नदीपलीकडचं क्रिकेटचं मैदान काढेल जे तिने कधी पाहिलेलं नाही. हे सगळं नकाशात मावत नाही. वही जवळ ठेव आणि त्यांच्याच बोलीत तिथल्या तिथे उतरवून घे. साहेबांना नकाशाच दिसेल, पण खरं काम या वहीत आहे.

आता खुशालीचं. ‘तुम्हाला गावात सुरक्षित वाटतं का?’ असं विचारलंस तर सगळा वर्ग एका सुरात ‘हो ताई’ म्हणेल. त्यापेक्षा विचार, कुठून जाताना पाय भरभर उचलता? रुसलात की कुठे जाऊन बसता? कुणाच्या ओसरीवर पाणी मागायला संकोच वाटत नाही? उत्तरं आपल्या अंदाजाबाहेरची येतात. १९७०च्या दशकात नगररचनाकार केविन लिंच यांनी युनेस्कोसाठी चार देशांतल्या मुलांना आपापला परिसर काढायला लावला होता. मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या मुलांना खेळायला मैदानं होती, तरी ती कंटाळलेली. उलट अर्जेंटिनातल्या साल्टा शहराच्या एका साध्या वस्तीतली मुलं मात्र आपल्या जागेबद्दल जिव्हाळ्याने बोलत होती. पुढे १९९०च्या दशकात हेच काम पुन्हा झालं, तेव्हा त्यात बंगळुरूही होतं. तेव्हा कुठली जागा चांगली हे आपण आधीच ठरवून टाकू नये.

रीतिरिवाज म्हटलं की मुलं देवळं काढतात. काढू दे. त्यापुढे विचार की पोळ्याचे बैल कुठल्या वेशीतून आत येतात, पालखी कुठे टेकते आणि कुठल्या गल्लीत वळतच नाही. शेवटचा प्रश्न मोठ्यांना आवडणार नाही. तो मुलांना विचार, सरपंचांना नको.

याच ठिकाणी वस्त्यांची नावं येतील, जातीवरून पडलेली. मुलं घरी ऐकतात तीच लिहितात. अशी नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण तोंडातली नावं शासन निर्णयाने जात नाहीत. तू गुपचूप खोडू नकोस आणि भाषणही देऊ नकोस. त्या वस्तीतल्या मुलांना विचार, तुम्ही तुमच्या जागेला काय म्हणता? ते सांगतील ते नाव जाईल. तांड्यावरच्या मुलांनाही हाच न्याय.

वेळेचं मात्र आत्ताच ठरव. तुझ्या वेळापत्रकात जानेवारी आहे. तुझ्या भागात जानेवारीत निम्मं गाव ऊसतोडीचा कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात असतं. आईबापांबरोबर गेलेली मुलं नकाशात नसतील, आणि त्यांची घरं ‘कुलूप’ म्हणून दाखवली जातील. पोळा ते दसरा या दिवसांत एक नकाशा कर, ही मुलं चैत्रात परतली की दुसरा. दुसऱ्यात त्यांना फडावरची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, काढायला लाव, पाण्याचा टँकर कुठे थांबतो, लहान भावंडाला कुठे निजवतात तेही. ती जागाही त्यांची आहेच, वर्षातले पाच-सहा महिने.

मुलांनी भीतीच्या म्हणून दाखवलेल्या जागा नावानिशी भिंतीवर लावू नकोस, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. मुली किती वाजता कुठल्या वाटेने जातात हे गावभर कळायची गरज नाही. एखाद्या मुलाने कुणा माणसाबद्दल काही सांगितलं तर तो नकाशाचा विषय राहत नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणाले तरीही.

नंतर कागद, रंग, मोबाइलवरच्या उपग्रह चित्राशी ताळा हे सगळं करच, ते सोपं आहे. अवघड आहे ते ग्रामसभेचं. पंचायतीच्या विकास आराखड्यासाठी ठरलेल्या नऊ विषयांत ‘बालस्नेही गाव’ हा एक आहे, तेव्हा मुलांचं म्हणणं मांडायला कागदोपत्री जागा आहे. ग्रामसेवकांना आधी भेट आणि विषय पत्रिकेत घालून घे. नाहीतर मुलं फेटे बांधून नकाशा धरून उभी राहतील, फोटो निघेल आणि चहा होईल. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभागच मानलं नाही, आणि शोभेसाठी मुलं उभी करणं त्यातलीच एक. मुलांनी एकच मागणी न्यावी, पण ठरावाच्या वहीत ती लिहिली जाईपर्यंत तू हलू नकोस. बंद हापसा चालेल, मोठं काही नको.

मूळ नकाशा शाळेत ठेव, ऑफिसला फोटो पाठव. साहेब मूळ मागतील, तेव्हा माझं नाव सांग.

पोळ्याच्या आठ दिवस आधी कळव. एस.टी. जिथवर येते तिथवर येईन, पुढचं तू बघ.

तुझा,
काका