पक्का रंग आणि हसरी तलवार

सोलापुरातील एका वाचनालयाने मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी पडदा लावून ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा १९३८ सालचा हॉलिवूडपट दाखवला. जुलमी सत्तेविरुद्ध अरण्यातून बंड करणारा आणि श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा रॉबिन हूड हा इंग्रजी लोककथांतला नायक. त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या एकाच चित्रपटाविषयी इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यायचे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी एका कापड गिरणीत सूत रंगवण्याच्या खात्यात तीस वर्षे काम केले. नऊ वर्षांच्या नातीला सोबत म्हणून हा चित्रपट पाहायला गेलो. शेवट काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळते, तरी ती शेवटपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून होती आणि दुसऱ्या दिवशी ‘आजोबा, तोच पुन्हा लावा’ म्हणून हट्ट धरून बसली. मला मात्र रंगांनी चकित केले. माझ्या तरुणपणचे रंगीत चित्रपट आता पाहावेत तर सगळे विटकरी झालेले दिसतात. मग त्यांच्याहून इतक्या जुन्या चित्रपटातला हिरवा आणि तांबडा असा ताजा कसा? आणि नातीला तो पुन्हा का पाहावासा वाटतो? (निवृत्त गिरणी कामगार, साखर पेठ)

उत्तर: रंगापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या खात्यातलेच आहे. त्या काळी टेक्निकलर कंपनीची जी पद्धत होती, तीत कॅमेऱ्याच्या आत लोलकाने प्रकाश विभागून एकाच वेळी तीन फिल्मपट्ट्यांवर चित्र उमटवले जाई आणि या तिन्ही पट्ट्या कृष्णधवल असत: एकीवर दृश्यातल्या तांबड्या प्रकाशाची नोंद, दुसरीवर हिरव्याची, तिसरीवर निळ्याची. पुढे प्रत्येक नोंदीवरून जिलेटिनचा उठाव असलेली एक पट्टी करत, म्हणजे ठसाच म्हणा ना, ती रंगात भिजवत आणि कोऱ्या फिल्मवर दाबून रंग उतरवत. असे तीनदा व्हायचे: निळसर, किरमिजी आणि पिवळा. तिन्ही ठसे केसभरही न सरकता एकावर एक बसले पाहिजेत, नाहीतर कडांना रंग फुटलेला दिसतो. ठशाची छपाई जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवे वाटण्यासारखे फार थोडे आहे. रंग बाहेर तयार करून वरून चढवायचा असल्यामुळे तो पारखून, टिकाऊ असा निवडता येत असे.

१९५० नंतर ईस्टमनकलरची फिल्म आली. तीत एकाच पट्टीवर, धुण्याच्या रासायनिक क्रियेतच रंग तयार होतात. ती स्वस्त पडते आणि तिला तो अवजड कॅमेराही लागत नाही. मात्र त्या रंगांतला निळसर आधी विरतो आणि मागे तांबूस छटा उरते. तुम्ही पाहिलेला विटकरी रंग तो हाच. तुमच्या भाषेत सांगायचे तर एक रंग पक्का होता आणि दुसरा कच्चा. वाचनालयात पाहिलेली प्रत अर्थातच संगणकावर नव्याने सिद्ध केलेली असणार. परंतु मूळ तीन कृष्णधवल नोंदी टिकल्या म्हणूनच ते शक्य झाले.

टिकाऊ रंग मिळाला तरी तो कुठे खर्च करायचा हे कळावे लागते आणि ते या मंडळींना कळत होते. वॉर्नर ब्रदर्सने या चित्रपटावर सुमारे वीस लाख डॉलर खर्च केले. तोवरचा त्यांचा हा सर्वांत महागडा चित्रपट होता. रॉबिनचे ठाणे असलेले शेरवूडचे अरण्य म्हणून जे दिसते ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावचे बिडवेल उद्यान आहे. तिथल्या उन्हात रॉबिनचा हिरवा अंगरखा पानांत मिसळतो आणि त्याचा सोबती विल स्कार्लेट याचे तांबडे कपडे त्याच पानांतून उठून दिसतात. किल्ल्यातल्या दालनात आपण शिरतो तेव्हा उजेड मशालींचा आणि मेणबत्त्यांचा होतो आणि कपड्यांवरची जर चमकू लागते. कोणाची बाजू कोणती हे संवाद ऐकण्याआधी डोळ्यांना समजते. तुमच्या नातीला ते निश्चित समजले असणार.

आता तिच्या हट्टाविषयी. रॉबिनचा किल्ल्यातला प्रवेश आठवा. राजा रिचर्ड परमुलखात असताना सत्ता बळकावणारा त्याचा भाऊ राजपुत्र जॉन याची मेजवानी चालू आहे, सरदार खाण्यात दंग आहेत, आणि राजाच्या वनातले हरीण मारणे हा देहदंडाचा गुन्हा असताना हा गडी तेच हरीण खांद्यावर टाकून, पहारेकऱ्यांना बाजूला सारत, भर दालनातून ताठ चालत येतो आणि ते धूड राजपुत्रापुढच्या मेजावर टाकतो. मग शत्रूच्याच पंगतीला बसून आरामात मांस चावत तो आपण बंड करणार असल्याचे सांगतो. कोणीतरी संतापून म्हणते की तू राजद्रोह बोलतोस, त्यावर तो म्हणतो की हो, अगदी अस्खलित बोलतो. तमाशाच्या वगात दरबारात शिरलेला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो तेव्हा थिएटरात जी खसखस पिकते, तिच्याच जातीचा हा आनंद आहे. फरक इतकाच की इथे सोंगाड्या आणि नायक एकाच अंगरख्यात आहेत. रॉबिन झालेला एरॉल फ्लिन हा काही थोर नट नव्हता, असे माझे मत आहे. परंतु संकटात सापडलेला माणूस मजेत आहे हे त्याच्याइतके पटवून देणारा दुसरा कोणी मला आठवत नाही.

आणि शेवट माहीत असण्याची अडचण आपल्याला कधीपासून वाटू लागली? शाहिस्तेखानाची बोटे तुटणार हे पोवाडा ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही शाहीर लाल महालाच्या भिंतीपाशी आला की मंडळी पुढे सरकतात. काय होणार हे माहीत असले म्हणजे ते कसे होते याकडे मन मोकळेपणाने लागते. नात पुन्हा पाहायला मागते ती हरणाचा तो प्रवेश.

प्रश्न: मी दांडपट्टा आणि लाठीकाठी शिकते. या चित्रपटातली तलवारबाजी खरी नाही हे मला लगेच दिसले. तलवारी अंगावर येण्याऐवजी एकमेकींवरच आपटत राहतात. तरीही ती पाहताना कंटाळा का येत नाही? बाण तरी खरे होते का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विजापूर रस्ता)

उत्तर: तुमचे निरीक्षण अचूक आहे. खरी झुंज अनेकदा दोन-चार हालचालींत संपते आणि बघणाऱ्याला काय घडले ते कळतही नाही. पडद्यावरची झुंज मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता यावी लागते, म्हणून वार मोठे, उंचावरून आणि ठरलेल्या तालात येतात. या चित्रपटातली द्वंद्वे फ्रेड कॅव्हेन्स या बेल्जियममध्ये जन्मलेल्या तलवारशिक्षकाने बसवली. त्यातली गंमत अशी की प्रत्यक्षात उत्तम तलवार चालवत असे तो ‘सर गाय’ नावाच्या खलनायकाचे काम करणारा बॅझिल रॅथबोन, आणि पडद्यावर फ्लिनच्या हातून मरण्याचे काम त्याच्याच वाट्याला येई. १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्येही तेच झाले होते. म्हणजे शेवटच्या द्वंद्वातली जी धार तुम्हाला जाणवली ती मुख्यतः हरणाऱ्याच्या मनगटातली आहे.

त्या द्वंद्वात कंटाळा येत नाही, कारण ते एका जागी चालत नाही आणि एका वेगातही चालत नाही. दोघे गोल जिन्यावरून लढत उतरतात, मेणबत्त्यांचे झाड आडवे होते, आणि मग ते एका प्रचंड खांबाआड जातात. कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही. खांबावर फक्त दोन अवाढव्य सावल्या लढताना दिसतात, क्षणभर माणसे नाहीशीच होतात, आणि पुन्हा तीच माणसे पुढे येतात. हे काम मायकल कर्टिझचे. चित्रीकरण विल्यम कीली या दिग्दर्शकाने सुरू केले होते. पुढे त्याच्या जागी कर्टिझला आणले आणि श्रेय दोघांना दिले गेले. सावल्या हा कर्टिझचा जुना छंद.

शिवाय लढताना दोघे बोलतात. तुला एखादी प्रार्थना येते का, असे रॅथबोन विचारतो आणि तुझ्यासाठी एक म्हणेन, असे फ्लिन सांगतो. या सगळ्याखाली कोर्नगोल्डचे संगीत वाहत असते. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार. इतक्या मारामारीच्या चित्रपटाला आपण योग्य नाही, असे म्हणून त्याने हे काम आधी नाकारले होते. नंतर मन बदलून तो कॅलिफोर्नियात हे संगीत रचत असतानाच, मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असे तो पुढे म्हणे. संगीताचे ऑस्कर त्याला मिळाले. संकलन आणि कलादिग्दर्शन यांचीही मिळून चित्रपटाला एकूण तीन ऑस्कर लाभली.

बाण खरे होते. हॉवर्ड हिल नावाचा नामांकित तिरंदाज अंगरख्याखाली पोलादी पत्रा आणि त्यावर हलक्या लाकडाचा थर बांधलेल्या माणसांवर प्रत्यक्ष बाण सोडत असे. बाण लागल्यावर ती माणसे ज्या रीतीने मागे फेकली जातात तिच्यात अभिनय किती आणि धक्का किती हे सांगणे कठीण आहे.

तुम्ही गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे तो उंच, जड ध्वजदंड, पाहिला असेलच. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी तो कमरेच्या पट्ट्यात तोलून चालतो तेव्हा वजन किती आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. दिसते ते मागेपुढे हात धरून राहिलेल्या मंडळींच्या डोळ्यांत. या चित्रपटातला नायक असा वजन न दाखवणारा आहे. अलीकडच्या साहसपटांतले नायक घाम, जखमा आणि दुःख इतके दाखवतात की त्यांच्याबरोबर आपणही दमतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. चित्रपट देखणा आहे, परंतु शेवटी हा बंडखोर राजापुढे गुडघे टेकतो आणि चांगला राजा परतला की सारे सुरळीत होते. ज्या शहरातील चौघे हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले, त्या शहरातल्या मुलांना हे दाखवावे काय? (जुळे सोलापूर)

उत्तर: बाई, आपला आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. राजा रिचर्ड प्रकटल्यानंतरची पाच-दहा मिनिटे हा या चित्रपटाचा सर्वांत दुबळा भाग आहे. इतिहासातला रिचर्ड आपल्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला आणि युरोपात कैदेत पडल्यावर त्याच्या सुटकेसाठी प्रजेवर खरोखरच जबर कर बसले. चित्रपटात ते पाप राजपुत्र जॉनच्या माथी मारले आहे. जॉन झालेला क्लॉड रेन्स ते इतक्या गोडव्याने, आवाज न चढवता वाहतो की तक्रार करवत नाही.

तरी दोन जागा पुन्हा पाहाव्यात अशी विनंती आहे. संन्याशाच्या वेषातला रिचर्ड अरण्यात भेटतो तेव्हा तो कोण हे माहीत नसलेला रॉबिन त्याला ऐकवतो की परमुलखात लढत बसण्याऐवजी राजाने इथे आपले कर्तव्य करायला हवे होते. राजाला तोंडावर दोष दिलेला आहे आणि राजाने तो ऐकून घेतलेला आहे.

दुसरी जागा मला अधिक महत्त्वाची वाटते. खजिना लुटल्यावर अरण्यात मोठी मेजवानी चालते, मांस भाजले जाते, सगळीकडे हशा आहे, आणि चित्रपटाची नायिका मॅरियन नाक वर करून बसली आहे. रॉबिन तिला हाताला धरून थोडे पलीकडे नेतो. तिथे घरे जाळली गेलेली, छळाने पंगू झालेली माणसे मुकाट अन्न खात असतात. एक म्हातारी रॉबिनचे आभार मानते. संगीत खाली येते. मॅरियन झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंड त्या वेळी एकवीस वर्षांची होती. ती काही बोलत नाही, फक्त तिची नजर बदलते, आणि तिथून पुढे ती स्वतः जीव धोक्यात घालू लागते. मॅरियनचे मन रॉबिनच्या तलवारीने जिंकले जात नाही, ते त्या जेवणाऱ्या माणसांना पाहून वळते. हसरेपणाखाली हे एवढे वजन आहे म्हणून तो हसरेपणा पोकळ वाटत नाही. मुलांना दाखवावा, असे माझे मत आहे, आणि शेवटच्या प्रसंगावर त्यांच्याशी आपण भांडावे.

प्रश्न: रॉबिन हूड खरोखर होऊन गेला काय? (इयत्ता आठवीचा विद्यार्थी, अशोक चौक)

उत्तर: तसा भक्कम पुरावा नाही. त्याचे नाव चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्यात येते, म्हणजे तेव्हा त्याची गाणी लोकांच्या तोंडी होती. त्या जुन्या गाण्यांत तो सरदार नसून साधा स्वतंत्र शेतकरी आहे आणि मॅरियनचा पत्ताच नाही. ती नंतर आली.

प्रश्न: आपल्याकडे असे नायक झाले नाहीत काय? आणि ज्या मुलांना इंग्रजी कळत नाही त्यांना हा चित्रपट कसा दाखवावा? पहिल्या वेळी मागच्या रांगेतली मुले चुळबुळ करत होती. (वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सोलापूर)

उत्तर: झाले तर. मूकपटांच्या काळात डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाने हा तलवारीचा, उड्यांचा प्रकार रूढ केला. १९२२ साली तोही रॉबिन हूड झाला होता. त्याचे चित्रपट आपल्याकडे तुफान चालले, आणि ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ज्याला ओळखत तो मास्टर विठ्ठल हा मराठी नट पुढे १९३१ च्या ‘आलम आरा’चा, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाचा, नायक झाला. जाता जाता सांगतो: १९२२ च्या चित्रपटात रॉबिनचा धिप्पाड सोबती लिटल जॉन झालेला अ‍ॅलन हेल १९३८ मध्येही लिटल जॉनच होता.

चुळबुळीवर उपाय मूकपटांच्या काळातलाच करावा. तेव्हा पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा माणूस असे. चित्रपट १०२ मिनिटांचा आहे. सुरुवातीला तीन मिनिटांत कोण कोणाच्या बाजूचे ते सांगावे आणि धनुर्विद्येच्या स्पर्धेआधी एकदा थांबवून ती स्पर्धा रॉबिनला पकडण्यासाठी लावलेला सापळा आहे एवढे सांगावे. हरणाच्या प्रवेशाला आणि खांबावरच्या सावल्यांना कोणी काहीही बोलू नये. आणि पडदा शक्य तेवढा मोठा लावावा, खिडक्यांना जाड चादरी टांगाव्यात. त्या तरी सोलापुरात शोधाव्या लागणार नाहीत.