बाबांची पहाटेची फेरी संध्याकाळी न्या

तुमचा प्रश्न वाचला. वाईहून डोंबिवलीला तुमच्याकडे राहायला आलेले ७४ वर्षांचे वडील. रात्री साडेआठलाच पेंगतात, अडीच-तीनला टक्क जागे होतात, मग साडेपाचला जवळच्या बागेत फेऱ्या आणि जेवणानंतर दोन तास झोप. बागेचा झोपेला खरंच उपयोग होतो का, की गोळी सुरू करावी, आणि बागेला लागून असलेला महागडा फ्लॅट भाड्याने घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो. पण बाबांची झोप ज्या प्रकारे बिघडली आहे, त्यात पहाटेची बाग त्यांना फारशी कामाची नाही. पहाटे फिरणं सर्वांत उत्तम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे घरात विरोध होईल. तरीही त्यांची फेरी संध्याकाळी न्या.

झाडांच्या ऑक्सिजनमुळे झोप लागते असं बरेच जण सांगतात. रस्त्यावर काय आणि बागेत काय, हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपासच असतो. खरं काम करतो तो उजेड. झोपेचं आणि जागेपणाचं घड्याळ मेंदूत असतं आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर ते रोज नव्याने लावलं जातं. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स आणि भर उन्हात ५०,००० च्या वर. त्यात वय वाढलं की बाहुली आकसते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आणि तरुणांपेक्षा बराच कमी उजेड आत पोचतो. म्हणजे ज्यांना जास्त उजेड हवा, तीच माणसं दिवसभर पडदे ओढलेल्या हॉलमध्ये टीव्हीसमोर. वाईत बाबांचा दिवस ओट्यावर, मंडईत, कृष्णेच्या घाटावर जात असणार. डोंबिवलीत आल्यावर त्यांचा तो उजेड गेला, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता वेळेचं. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ अलीकडे येतं, म्हणजे रात्री झोप लवकर येते. संध्याकाळच्या उजेडाने ते पलीकडे सरकतं. रात्री एकपर्यंत ज्यांचा डोळा लागत नाही, त्यांना सकाळचं कोवळं ऊन द्यावं. बाबांचं घड्याळ आधीच खूप अलीकडे आलंय, त्यांना साडेचार-पाचपासून सूर्य मावळेपर्यंत बाहेर ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे सहालाच सूर्य मावळतो, तेव्हा थोडं आधी निघा. शिवाय थंडीच्या दिवसांत पहाटे धूर-धूळ जमिनीलगत साचून राहते, दमा असेल तर ती वेळ वाईटच. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत. संध्याकाळी घरी आल्यावर लगेच दिवे मंद करू नका, त्यांना गप्पांत, भाजी निवडण्यात गुंतवा. हे जमलं की झोपायची वेळ साडेनऊ-दहाकडे हळूहळू सरकते. दोन-चार दिवसांत निकाल मागू नका, तीन-चार आठवडे धरा.

फ्लॅटबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचेचाळिशीपुढच्या २,५९,३१९ लोकांच्या माहितीवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. जास्त हिरव्या वस्तीत राहणाऱ्यांमध्ये अपुऱ्या झोपेचं प्रमाण कमी दिसलं. त्याच संशोधकांनी २०२० मध्ये झाडं आणि गवत वेगळं करून पाहिलं. जिथे वस्तीच्या ३० टक्के किंवा जास्त भागावर झाडांचं छत्र होतं, तिथे पुढे झोप अपुरी पडू लागण्याची शक्यता साधारण १३ टक्क्यांनी कमी होती. नुसत्या गवताचा तसा फायदा दिसला नाही. अशा अभ्यासांतून कारण पक्कं सिद्ध होत नाही. त्यामुळे एवढ्या फरकासाठी दरमहा जास्तीचं भाडं भरू नका. खिडकीतून दिसणाऱ्या लॉनपेक्षा कडुनिंबाच्या, पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून चालत जाता येणारा रस्ता मोलाचा. बाबांची खोली मात्र रस्त्याच्या बाजूला असेल तर मागची द्या. रहिवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती किती पाळली जाते हे तुम्ही रोज ऐकताच.

बाग जवळ असून वयस्कर माणसं जात नाहीत, याची कारणं अगदी साधी असतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एक काकू दहा मिनिटांत परत यायच्या. खोदून विचारल्यावर कळलं की बागेतल्या टॉयलेटला कायम कुलूप, आणि बाकाला ना पाठ, ना उठताना धरायला हात. मग आम्ही रखवालदाराकडून चावीची सोय करून घेतली, हातवाला एक बाक सावलीत हलवून घेतला, आणि काकू तासभर बसू लागल्या. तुम्ही एकदा स्वतः बाबांसोबत जा आणि हे सगळं बघा. तिथे गप्पांचा कट्टा जमत असेल तर त्यांची ओळख करून द्या, नाहीतर आठवड्याभरात कंटाळतील.

गोळीची घाई नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी वयस्कर माणसं रात्री उठताना पडतात, खुब्याचं हाड मोडतं. अमेरिकेतल्या वृद्धोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या वयात शक्यतो टाळायच्या औषधांत त्यांची नावं घातली आहेत. आधीपासून घेत असतील तर मात्र डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नका.

पहाटे तीनला जाग लघवीमुळे येते का, तेही बघा. पायांवर सूज असेल तर दिवसभर साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं आणि रात्री उठावं लागतं. संध्याकाळचं चालणं तिथेही कामी येतं. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. जोरात घोरत असतील आणि मध्येच श्वास अडल्यासारखा होत असेल, तर आधी डॉक्टर, बाग नंतर.

बाबा घोरतात का, पायांवर सूज आहे का आणि चालू गोळ्या कोणत्या वेळेच्या आहेत, एवढं इथेच लिहा. त्यावरून पुढचं सांगते.