जुन्या यांकी स्टेडियमची लाकडी खुर्ची अस्सल कशी ओळखावी, आणि घेतल्यावर रंगवावी का?

न्यू जर्सीत एकाच्या गराज सेलमध्ये 'जुन्या यांकी स्टेडियमची' म्हणून निळी लाकडी खुर्ची दिसली, कागदपत्रं काही नाहीत, घ्यावी का आणि घासून नव्याने रंगवावी का, असं तुम्ही विचारलंय. रंगवण्याचं आधी सांगतो: अजिबात रंगवू नका. विकणाऱ्यानेच घासून चकचकीत केली असेल तर घेऊही नका. मी अशा खुर्च्या गोळा करतो, आणि कागद नसलेल्या खुर्चीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे तिचा रंग.

यांकी स्टेडियम, म्हणजे न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातलं यांकीज या बेसबॉल संघाचं मैदान, १९२३ साली उघडलं. १९७३च्या हंगामानंतर ते नूतनीकरणासाठी बंद झालं आणि १९७६ला पुन्हा उघडलं तेव्हा लाकडाच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. म्हणजे लाकडी खुर्ची १९७३पर्यंतचीच. त्या खुर्च्या आधी हिरव्या होत्या, निळा रंग १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात चढला. त्यामुळे जिथे पोपडा उडालाय तिथे निळ्याखाली हिरवा दिसायला हवा. वरून बघू नका, खाली वाकून बघा: फळ्यांच्या मागे, बोल्टच्या डोक्याभोवती, पायांच्या खाचांत. पायावर तीन थर आणि फळीवर एकच, असं दिसलं तर फळ्या नंतर बसवलेल्या आहेत. खुर्चीचा नंबर असलेली पट्टीही अशीच तपासा. ती खरी असेल तर तिच्या कडेला वर्षानुवर्षांच्या रंगाची उंच रेघ साचलेली असते.

पाय बिडाचे असतात. लोहचुंबक बरोबर न्या. चिकटलं नाही तर पाय ॲल्युमिनियमची नक्कल आहेत. पण चिकटलं म्हणून हुरळूनही जाऊ नका, कारण अमेरिकन सीटिंगसारख्या खुर्च्या बनवणाऱ्या एकाच कंपनीच्या खुर्च्या कितीतरी स्टेडियममध्ये होत्या. फोटोशी जुळते एवढ्यावरून ती ब्राँक्समधली ठरत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. स्टेडियममध्ये शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांना मधला पाय एकच असतो. एक खुर्ची सुटी काढली की शेजारची लंगडी होते. म्हणून बाजारातल्या बऱ्याच 'सिंगल' दोन ठिकाणचे पाय जोडून उभ्या केलेल्या असतात. तो खोटेपणा नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. शिवाय काही खुर्च्यांचे पाय जमिनीत बसवलेले नसून मागच्या पायरीच्या उभ्या भिंतीला बोल्ट केलेले असत. तशी खुर्ची घरात आपली आपण उभी राहत नाही, लाकडी फळीवर ब्रॅकेट लावून बसवावी लागते.

कागद नाहीत म्हणून घाबरू नका. १ ऑक्टोबर १९७०ला फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅक या बेसबॉल स्टेडियममध्ये शेवटचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षकांनी खुर्च्या अक्षरशः उखडून घरी नेल्या. त्यांना पावती कोण देणार? ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड हे बेसबॉलचं मैदान १९६०मध्ये पाडलं, तेव्हा पाडायच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता, आणि चार वर्षांनी त्याच गोळ्याने न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स हे मैदानही पाडलं. हे वाचलं की मला आजही राग येतो. त्या दोन्ही मैदानांचं आज लोकांच्या घरी जे उरलंय, ते कुणीतरी वेळेवर उचललं म्हणून उरलंय. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगची, होलोग्राम लावून वस्तू प्रमाणित करायची पद्धत २००१पासूनची. २००८ला बंद झालेल्या यांकी स्टेडियमच्या निळ्या प्लास्टिक खुर्च्यांना असे कागद मिळतात, आणि त्यांची जोडी तेव्हाच दीड हजार डॉलरच्या आसपास विकली जात होती. मला विचाराल तर हिरव्यावर निळा चढलेली पोपडे सुटलेली लाकडी खुर्ची कधीही जास्त मोलाची.

'हिच्यावर बसून लू गेरिगचं १९३९चं निरोपाचं भाषण ऐकलं गेलं' (गेरिग म्हणजे यांकीजचा गाजलेला खेळाडू) अशा गोष्टींचे मात्र पैसे देऊ नका. खुर्च्या मधल्या काळात बदलल्या गेल्या आहेत.

घरात लहान मूल असेल तर एक काळजी घ्या. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली १९७८ साली, आणि तुमची खुर्ची त्याआधीची. घासकागद लावला की शिशाची धूळ घरभर होते. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, सुटलेले पोपडे वेचून टाका आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

पैसे देण्याआधी खुर्ची उलटी करून दाखवायला सांगा. खालची बाजू दाखवायला तो तयार नसेल तर सौदा सोडून द्या.