वय खाल्लं, ऊन खाल्लं

प्रश्न : लेकीसोबत मालिका पाहता पाहता वर्षभरापासून मीही कोरियन शिकते आहे. वय 47. ‘खाणे’ या एका क्रियापदानं मात्र डोकं खाल्लंय. अ‍ॅपवर ‘मॉगॉयो’, मालिकेत कधी ‘मॉक्चा’, कधी ‘दुसेयो’. परवा तर एक जण म्हणाला, ‘नाइ मॉगॉत्ता’, म्हणजे वय खाल्लं! कुठे काय वापरायचं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, डोकं ‘खाल्लं’ हे तुम्हीच लिहिलंय! आपण मार खातो, भाव खातो, काही जण पैसे खातात. मग कोणी वय खाल्लं तर दचकायचं काऊन? शिव्या तर कोरियन माणूसही खातो, ‘योक मॉक्ता’. नव्या चांद्रवर्षाच्या दिवशी तिकडे तॉक्कुक, म्हणजे तांदळाच्या चकत्यांचं सूप खातात. वाटी संपली की वय एकानं वाढलं, असं मानायची रीत. (28 जून 2023 पासून सरकारी कामात वय जन्मतारखेवरूनच मोजतात, पण बोलण्यातलं वय अजून खाल्लंच जातं.)

माझा लाडका प्रयोग मात्र ‘दॉवी मॉक्ता’, उकाडा खाणे. आपल्याला ऊन ‘लागतं’, ते उकाडा ‘खातात’. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला सूर्य उगवायच्या आत ओळखीच्याला हाक मारायची, त्यानं ‘ओ’ दिली की म्हणायचं, ‘ने दॉवी सा गारा’, माझा उकाडा विकत घेऊन जा. मग उन्हाळाभर त्रास त्याला. नवतपात हा धंदा आपल्याकडे काय चालला असता! फक्त नागपुरात ‘ओ’ कोणी दिली नसती.

आता व्याकरण. मूळ रूप मॉक्ता. त्यातला ‘ता’ काढून ‘ऑयो’ जोडलं की क ऐकू येतो ग सारखा, मॉगॉयो, म्हणजे खातो किंवा खाते. झालेल्या गोष्टीला मॉगॉस्सॉयो. ‘मॉक्चा’ म्हणजे चल खाऊ, बरोबरीच्यांत. आपल्यासारखं खातो-खाते नाही, भात खाल्ला-पोळी खाल्ली नाही. बाई असो, बुवा असो, एकच रूप. कर्म आधी, क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखंच. रोजच्या बोलण्यात जेवणे आणि खाणे दोन्हीला ‘मॉक्ता’ चालतं, गोळी-औषधसुद्धा ‘मॉक्ता’च.

अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतं, तिथे घोळ होतो. ‘मॉगॉ ब्वास्सॉयो?’ हे इंग्रजीतून समजायला मला आठवडा लागला होता. मराठीत ते सरळ आहे : मॉगॉ म्हणजे खाऊन, ब्वास्सॉयो म्हणजे बघितलं. तर्री पोहे खाऊन बघितले का? बघणं तेच, चाखण्याच्या अर्थानं. आणि ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो’? बॉरिदा म्हणजे टाकणे, फेकून देणे. लेकीनं डब्यातली संत्रा बर्फी सगळी खाऊन टाकली, तो ‘टाकली’ जसाच्या तसा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी वहीत अर्थ मराठीतच लिहायला लावते.

मराठी दगा देते ती मान देताना. आपण ‘तुम्ही जेवलात’ म्हणून शेपटी बदलतो, पण क्रियापद तेच राहतं. तिथे मोठ्यांसाठी क्रियापदच बदलतं : दुशिदा. ‘दुसेयो’ म्हणजे घ्या, जेवा. त्यात पिणंही आलं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. पहिल्याच दिवशी साठीच्या साहेबांना मी प्रेमानं विचारलं, ‘पाप मॉगॉस्सॉयो?’ (पाप म्हणजे भात, जेवण, त्याचा उच्चार पाप आणि बाप यांच्या मधला आहे, दोन्ही मराठीत वाईटच.) साहेब हसले, शेजारच्या तरुण इंजिनिअरनं मात्र कपाळाला हात लावला. म्हणायला हवं होतं ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’, भोजन झालं का? त्या शिक्साची माझ्यापुरती शिक्षा झाली, आठवडाभर सगळे मला तेच विचारत होते. घाबरून मग मी स्वतःबद्दलही ‘दुश्यॉस्सॉयो’ म्हणू लागले. तेही चूक. स्वतःला मान द्यायचा नसतो, स्वतःचं नेहमी मॉगॉस्सॉयो.

तुमच्या घरी ताटावर बसूनच सराव करा. तुम्ही लेकीला ‘मॉगॉ’ (एकटं आलं की अर्थ ‘खा’), लेक तुम्हाला ‘दुसेयो’. तिनं उलटून ‘मॉगॉ’ म्हटलं, तर रागावू नका. लाडाच्या लेकी तिकडेही आईला सर्रास तेच म्हणतात.