मोझेस कोन पार्क: डिसेंबरात आई-बाबांना नेताय म्हणून

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आई-बाबांना अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचं मोझेस कोन पार्क दाखवायचंय आणि 'पार्क वर्षभर उघडं' असं वाचलंय. पोटात गोळा आला. याच वाक्यावर विसंबून आम्ही जानेवारीत गेलो होतो.

बाबांनी आयुष्यभर गिरणीत साचे चालवले. डेनिम कापडाच्या गिरण्यांचा मालक मोझेस कोन याचं, याच पार्कातलं डोंगरावरचं २३ खोल्यांचं घर बघायची त्यांना फार हौस. निघण्याआधी मी एका माहिती कार्यालयात फोन केला. "उघडं आहे." बस, एवढंच. उघड्या होत्या त्या पायवाटा! घर हिवाळ्यात बंद असतं, आणि घराकडे नेणाऱ्या ब्लू रिज पार्कवे या डोंगरी रस्त्यावर बर्फ पडला की सरळ फाटक लावतात. तीन तास गाडी हाकून आम्ही त्या फाटकासमोर. फोनवरच्याने एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं, हा राग अजून आहे. पण मीही एकच प्रश्न विचारला होता. रस्ता, घर आणि घराचा वरचा मजला, तिन्हींची चौकशी वेगवेगळी करा. रस्त्याचं नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कळतं. घर पार्कवेवरच्या मैल २९४ च्या खुणेजवळ आहे. २०२४ च्या हेलीन वादळात पार्कवेचं बरंच नुकसान झालं, त्यामुळे माझी जुनी माहिती प्रमाण मानू नका.

फाटक बंद असेल तर पार्कातल्याच बास लेक या तळ्यावर जा. तिथलं पार्किंग हायवे २२१ वर आहे, पार्कवे लागतच नाही. तळ्याभोवतीची फेरी मैलभरही नाही आणि सपाट आहे. पार्कातले एकूण २५ मैलांचे रस्ते घोडागाडीसाठी आखलेले, म्हणून चढ बेताचे. तरी गुडघ्यांचं तुमचं तुम्ही ठरवा. घोडे अजूनही फिरतात, तेव्हा बूट जुने घाला. फ्लॅट टॉप डोंगरावरच्या मनोऱ्यापर्यंत मात्र वयस्कांना नेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

खरं सांगू? तिकिटं बदलता येत असतील तर त्यांना मे-जूनमध्येच आणा. बास लेकवरून वर ते पांढरं घर दिसतं. बाबा कानटोपी ओढून काठावर उभे होते. "खिडक्या मोज बरं," म्हणाले. मी थंडीने कुडकुडत होतो, "पुढच्या वेळी आतून मोजू," म्हणून त्यांना गाडीत बसवलं. त्यानंतर त्यांना प्रवास झेपला नाही.